गळती

जानेवारीचा दुसरा मंगळवार. बाहेर उणे एकतीस.
अग्निशमनाच्या बंबाला लागून असलेल्या खोलीत
पाच नगरसेवक, एक महापौरबाई, आणि कोपऱ्यात मी,
नॉर्थ डकोटातल्या या अकराशे वस्तीचं
एकवीस वर्षं इतिवृत्त लिहिणारी.
गणपूर्ती झाली.
प्रेक्षकांच्या खुर्च्या बारा, प्रेक्षक एक.
तोही हातमोजे न काढता बसलेला.

विषय एक: मागील सभेचं इतिवृत्त कायम करणे.
कायम.
विषय दोन: बर्फ ढकलणाऱ्या ट्रकचं पातं.
पातं आपल्यासारखंच, आर्विड स्लेटन म्हणाला,
दर चार वर्षांनी बदला, रस्ता तोच राहतो.
कोणी हसलं नाही. मी लिहिलं, ‘चर्चा झाली’.
विषय चार: मार्लिसच्या शेजाऱ्याची तीन बदकं.
नगराच्या हद्दीत बदक म्हणजे पाळीव प्राणी की पशुधन?
पाऊण तास.
बदकं पुढच्या सभेपर्यंत तहकूब.

सातव्या विषयाला हातमोजेवाला उठला.
ओर्लिन नूटसन, धान्याच्या कोठारामागची गल्ली.
डिसेंबरचं पाणीबिल एकशे शहाऐंशी डॉलर.
एकटा माणूस, एक कप, एक ताटली.
उपविधी चौदा सांगतो,
गळती असेल तरच माफी.

पाणीखात्याचा डेल म्हणाला, मी जाऊन पाहिलं.
नळ, वॉशर, तळघरातला पाइप, सगळं ठणठणीत.
कुठे ओल नाही.
मग पाणी गेलं कुठे? महापौरबाईंनी विचारलं.
सिंकमध्ये, ओर्लिन म्हणाला.
स्वयंपाकघरातला नळ मी उघडा ठेवतो.
पाइप गोठू नये म्हणून ना?
(किती सोपं करून विचारलं त्यांनी,
फक्त मान हलवायची होती.)
नाही, म्हणाला. तो पाइप आतल्या भिंतीत आहे. गोठत नाही.
आणि खाली बसला.

हीटर घुरघुरत राहिला.
अर्डिसच्या शवपेटीच्या कड्या धरलेले तिघे
याच टेबलाशी बसले होते.
मला तर खिडकीतून दिसायचं:
साडेसातला ती भांडी घासायला उभी राहायची,
तो मागे टेबलाशी गव्हाचे भाव वाचत,
तिची पाठ, आणि पाणी.
बोलताना मी त्यांना फारसं पाहिलं नाही.

आर्विडने उपविधींची वही ओढली.
हाच तो आर्विड, ज्याच्या हातून दमडी सुटत नाही,
ग्रंथालयाच्या छपराला तीनदा नाही म्हणालेला,
सख्ख्या बहिणीकडून विलंबशुल्क घेतलेला.
चष्मा कपाळावर चढवून त्याने कलम चौदा वाचलं,
मग पुन्हा वाचलं.
यात गळतीची व्याख्या दिलेली नाही, म्हणाला.
पाइपातूनच झाली पाहिजे असं कुठे लिहिलंय?
डेल आपल्या बुटांकडे बघत होता.
एखादी जागा बघायची राहिली असेल माझ्याकडून, म्हणाला.
सूचना मांडतो, आर्विड म्हणाला,
आणि त्याचं वाक्य संपायच्या आत
मार्लिसचं अनुमोदन.

पाच हात वर.
पण, ओर्लिन पुन्हा उभा राहिला,
या महिन्यातही मी तो उघडाच ठेवणार आहे.
बाईंनी पाण्याचा पेला उचलला, तसाच खाली ठेवला.
फेब्रुवारीच्या विषयपत्रिकेवर घ्या, आर्विड म्हणाला,
माझ्याकडे न बघता.

मी लिहिलं: पाहणीअंती गळती आढळली.
सूचक स्लेटन. सर्वानुमते मंजूर.
एकवीस वर्षांत
एवढंच एक वाक्य मी खोटं लिहिलं असेल,
आणि तेही खोटं आहे का, नक्की सांगता येत नाही.
विषय आठ: कुत्र्यांचे परवाने.

घरी आले तेव्हा सव्वादहा.
त्याच्या स्वयंपाकघरात दिवा होता.
इथल्या काचा दुहेरी असतात, नळ काही ऐकू येत नाही.
मी अंगणात उभी राहिले, पापण्या चिकटेपर्यंत.
हद्दीच्या आत कुठेतरी
तहकूब झालेलं एक बदक ओरडलं.